गाडी नाशिकची, मुक्काम बंगळुरूला आणि आरसीवर बाबांचं नाव

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई चौतिशीच्या, दहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी नाशिकहून बंगळुरूला गेल्या, सोबत २०१८ ची पेट्रोल कार नेली. गाडी घेतली बाबांनी, आरसी आणि इन्शुरन्स दोन्ही त्यांच्याच नावावर, पण गुडघ्यांमुळे बाबांनी गाडी चालवणं सोडलंय आणि त्यांचं लायसन्सही मागेच संपलं. गाडीचं कर्ज २०२३ ला फिटलं. आता सोसायटीतले म्हणतात वर्ष झालं की केए, म्हणजे कर्नाटकचा नंबर घ्यावाच लागतो, ऑफिसातला एक जण म्हणतो की जुन्या टोल पावत्या जवळ ठेव, कोणी विचारलं तर कालच आले म्हणायचं, एक एजंट म्हणतो एकरकमी पैसे द्या, तुम्हाला काही बघायची गरज नाही. नवऱ्याचं मत, कशाला नादी लागायचं, दोन वर्षांत परतच जायचंय. इन्शुरन्स दीड महिन्यात संपतोय. त्यात बाबांनी तो नंबर हौसेने जास्तीचे पैसे भरून घेतला होता, बदलला तर त्यांना वाईट वाटेल. प्रश्न एकच, नंबर बदलू की नको, आणि नाही बदलला तर इन्शुरन्सवाले क्लेम नाकारतील का.

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नंबराबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय, पण खरी गोम मधल्या त्या अर्ध्या ओळीत आहे, की गाडी बाबांच्या नावावर आहे. सगळं तिथूनच सुरू होतं, म्हणून आधी नंबराची भीती थोडी कमी करू आणि मग त्याकडे वळू.

सोसायटीतले म्हणतात ते बरोबर आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. एका राज्यात रजिस्टर झालेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवीन नंबर घ्यायचा, आणि बारा महिने संपल्यावर अर्जाला ३० दिवस मिळतात. म्हणजे तुमचे दहा महिने झालेत, अजून दोन आणि वर हे ३० दिवस. तुम्ही अजून काहीच चुकवलेलं नाही, उलट वेळेत विचारताय, बहुतेक लोक दीडदोन वर्षं झाल्यावर नोटीस हातात घेऊनच विचारतात. कर्नाटकाबद्दल जी ३० दिवसांची भीती घातली जाते तिचं मूळ २०१४ च्या एका दुरुस्तीत आहे, बाहेरची गाडी ३० दिवसांपेक्षा जास्त राहिली की लाइफटाइम टॅक्स भरा अशी ती होती आणि पुढे हायकोर्टाने ती रद्द केली, पण ऐकीव भीती काही कोर्टाच्या निकालाने जात नाही. तेव्हा कोणी सिग्नलला अडवून ‘महिना झाला ना, टॅक्स भरा’ म्हणालं तर शांतपणे कागद दाखवा. टॅक्स भरून घेणं हे ट्रान्सपोर्ट खात्याचं काम आहे, पावती मिळणार नसेल तर एक रुपयाही काढू नका. आणि हो, डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी आणि लायसन्स कायद्याने चालतात, मूळ कागद गाडीत घेऊन फिरायची गरज नाही.

ऑफिसातल्या मित्राची टोल पावतीची आयडिया मात्र सोडून द्या. फास्टॅग आल्यापासून गाडी कोणत्या तारखेला कुठला टोल ओलांडून गेली याची नोंद राहते, सर्व्हिस सेंटरचं बिल बंगळुरूचं, पार्किंगचा स्टिकर बंगळुरूचा, ई-चलन आलं असेल तर तेही तिथलंच. खिशातल्या एका कागदाने हे सगळं झाकलं जाणार नाही, आणि उद्या कुठे फॉर्मवर खोटं लिहून दिलंत तर साध्या उशिराचं प्रकरण भलतीकडे जाईल. दिवाळीला चार दिवस गाडी नाशिकला नेली की बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे असाही एक समज आहे. गाडी राहते बंगळुरूला, दिवाळीला ती फक्त पाहुणी जाते, त्यावर भिस्त ठेवू नका.

आता नवऱ्याचं म्हणणं. ‘दोन वर्षांत परतच जायचंय’ हे वाक्य मला अशा पत्रांमध्ये सतत दिसतं आणि ते खोटं असतं असं मी म्हणत नाही, पण त्याला तारीख कधीच नसते. तुमच्या पत्रात पुढे असंही आहे की मुलीची शाळेची ॲडमिशन तिथेच घेतली. मग परत जायचंय ही इच्छा आहे की ठरलेलं आहे, हे तुम्ही दोघांनी एकदा बसून बोलून घ्या, गाडीसाठी नाही तर एकूणच. खरोखर तीनचार महिन्यांत निघणार असाल, नाशिकची नोकरी नक्की असेल, तर नवीन नंबराच्या फंदात पडू नका, मुदत संपायच्या आत गाडी नाशिकला नेऊन ठेवा आणि तिथे गाडीवाचून चालवा. पण दोन वर्षं म्हणजे दोन वर्षंच असतील तर कायद्यासाठी तुम्ही तिथे राहताय, पुढे कधी परतलात तर परतलात.

आता बाबांच्या नावाचं. एजंट तुम्हाला हे सांगणार नाही कारण त्याचं तेच पोट आहे. समजा तुम्ही ठरवलं की केए नंबर घ्यायचा. अर्ज कोण करणार? गाडीचा मालक, म्हणजे बाबा. पत्ता कुठला देणार? बंगळुरूचा, आणि बाबांचा तिथला पत्त्याचा पुरावा काय? काहीच नाही, ते नाशिकला राहतात. एनओसीच्या (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला नाशिक आरटीओची हरकत नाही असं पत्र) अर्जावर सही त्यांची, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, ई-चलनाचे मेसेज पण त्यांच्याच मोबाइलवर, जे ते बहुतेक उघडतही नसतील (एकदा फोन करून बघायला सांगा, बंगळुरूचं एखादं चलन पडून असेल तर आत्ताच कळेल). म्हणजे नंबर बदलायचा असेल तर आधी किंवा त्याच्यासोबतच गाडी तुमच्या नावावर व्हायला हवी. आणि नंबर बदलायचा नसेल, तरीसुद्धा माझ्या मते व्हायला हवी, त्याचं कारण इन्शुरन्स.

तुम्ही विचारलंय एमएच नंबर आहे म्हणून क्लेम नाकारतील का. नुसत्या दुसऱ्या राज्याच्या नंबरावरून नाही. पॉलिसी भारतभर चालते, नाशिकची गाडी बंगळुरूत ठोकली म्हणून कोणी हात वर करत नाही. चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं, आरसी चालू हवी, पॉलिसी चालू हवी, आणि जे लिहून दिलंय ते खरं हवं, एवढं बघतात. आरसी चालू असण्याला फार महत्त्व आहे, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेम्पररी रजिस्ट्रेशन संपलेल्या गाडीचा चोरीचा क्लेम नामंजूर केला होता. तुमच्या गाडीचं तसं नाही, खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, २०१८ पासून धरलं तर अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. फक्त गाडी आता बंगळुरूला असते हे कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्या, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात, एका मेलचं काम आहे.

पण तुमची पॉलिसी काढून एक ओळ बघा, ‘ओनर-ड्रायव्हर पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर, १५ लाख’. दरवर्षी त्याचे वेगळे पैसे जातात. हे कव्हर फक्त त्या माणसासाठी असतं ज्याचं नाव आरसीवर आहे, पॉलिसीवर आहे आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे. आरसीवर आणि पॉलिसीवर बाबा, ते गाडी चालवत नाहीत आणि त्यांचं लायसन्स संपलंय. रोज त्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवताय तुम्ही, तुमचं नाव कुठेच नाही. म्हणजे हप्ता भरला जातोय आणि कव्हर तुम्हालाही नाही आणि त्यांनाही नाही. उद्या तुमच्या हातून दुसऱ्या कोणाला लागलं तर थर्ड पार्टीचं कव्हर आहे, कारण तुमचं लायसन्स चालू आहे, गाडीचं नुकसान झालं तर तेही मिळेल, पण तुम्हाला स्वतःला काही झालं तर या १५ लाखांतलं काही मिळणार नाही. नंबर प्लेटपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते. नाव बदलेपर्यंत तुमच्या नावाने एक वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घेऊन टाका, आणि यावेळी रिन्यू करताना बाबांचं लायसन्स चालू नाही हे कंपनीला स्पष्ट सांगा.

रिन्यूअल चुकवू नका, अगदी ‘नाव बदलतच आहोत तर नव्या नावानेच घेऊ’ म्हणून सुद्धा नाही. बिना इन्शुरन्स गाडी रस्त्यावर काढली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी ४,०००, पण खरा धोका दंडाचा नाही, मधल्या दिवसांत कोणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या घरातून जाईल. शिवाय आरटीओतलं कुठलंही काम करायला गेलात की चालू इन्शुरन्स आणि पीयूसी आधी मागतात. तेव्हा आत्ता बाबांच्या नावाने रिन्यू करा आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. यात एक छोटा फटका बसेल तो आधीच सांगते म्हणजे नंतर चिडचिड नको. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. बाबांनी क्लेम न करता कमावलेली सूट तुमच्या नावावर येत नाही, उरलेल्या महिन्यांची तेवढी रक्कम कंपनी तुमच्याकडून मागेल. बाबांनी ती सूट सर्टिफिकेट घेऊन राखून ठेवली तर तीन वर्षांत त्यांच्या नावाने दुसरी गाडी घेतली तर वापरता येते, ते गाडी घेणार नाहीत हे मलाही कळतं, पण हक्क आहे म्हणून सांगितलं. आणि प्रीमियमच्या हिशोबात बंगळुरू झोन ए मध्ये येतं, नाशिक झोन बी मध्ये, त्यामुळे केए नंबर झाल्यावर गाडीच्या नुकसानीचा जो भाग आहे तो किंचित वाढेल. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर असतो, त्याला शहराशी घेणंदेणं नाही.

लायसन्सचं सगळ्यात सोपं. कुठल्याही राज्याचं लायसन्स भारतभर चालतं, कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे ‘कर्नाटकचं नवीन काढा’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, एका माणसाकडे दोन लायसन्स असणं हाच गुन्हा आहे. सरकारच्या सारथी पोर्टलवर पत्ता बदलून घ्या, मुदत संपत आली की तिथल्याच आरटीओत रिन्यू होतं. जुनं पुस्तकवालं लायसन्स ज्यांचं आहे आणि सारथीवर दिसतच नाही, त्यांनी आधी मूळ आरटीओतून त्याची ऑनलाइन नोंद करून घ्यावी लागते, ते एकदा गावी गेल्यावर उरकून टाका. संपून वर्ष उलटू देऊ नका एवढंच, त्यानंतर पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

आता तुमच्यासमोर खरे पर्याय दोनच उरतात असं मला दिसतं. एक, गाडी तुमच्या नावावर करून केए नंबर घेणं. दोन, ही गाडी नाशिकला परत पाठवणं किंवा विकणं आणि तिथे तुमच्या नावाने दुसरी घेणं. तिसरा, काहीच न करणं, तो निवडणारे खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काही होतही नाही, पण तुम्ही रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय, त्यामुळे तो तुमच्यासाठी नाही.

दोन्हीचा हिशोब कागदावर मांडा. कर्नाटकचा रोड टॅक्स देशात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहे, पण जुन्या गाडीला पूर्ण लागत नाही, गाडी जितकी जुनी तितका टक्का कमी होत जातो. उलट नाशिकला बाबांनी जो एकरकमी टॅक्स भरला त्यातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, मात्र नवीन नंबर मिळाल्यानंतर, नवीन आरसी आणि टॅक्सची पावती लावून. हा रिफंड रेंगाळतो, त्यामुळे तो मिळेल तेव्हा मिळेल असं धरून चाला, त्याच्या भरवशावर बजेट करू नका. हा सगळा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या शेजारी लिहून बघा. गाडी चांगली असेल आणि अजून चारपाच वर्षं वापरायची असेल तर नाव आणि नंबर बदलणं परवडतं. तशीही ती विकायचा विचार डोक्यात घोळत असेल तर नंबर बदलून मग विकण्यात काही अर्थ नाही, नाशिकलाच विका.

आणि नवीन घेणार असाल तर बीएच, म्हणजे भारत सिरीजचा नंबर बघा. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली, सरकारी नोकर, सैन्यातले, आणि ज्या खाजगी कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत आहेत तिथले लोक घेऊ शकतात. एचआरकडून फॉर्म ६० मध्ये सर्टिफिकेट घ्यायचं, टॅक्स एकदम न भरता दोन दोन वर्षांचा भरायचा आणि मग राज्य बदललं तरी नंबर तोच. २०२२ च्या शेवटी जुन्या गाड्यांनाही बीएचमध्ये बदलून घ्यायची सोय झाली, पण तुमच्या गाडीचं आधी नाव बदला, मग राज्य, मग सिरीज, एवढी कसरत २०१८ च्या गाडीसाठी मी तरी करणार नाही. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या वाचकांनी मात्र पुढची गाडी घेतानाच शोरूममध्ये हा विषय काढा, सेल्सवाला आपणहून सांगेलच असं नाही.

पहिला पर्याय धरलात तर क्रम महत्त्वाचा आहे. कर्ज फिटलं असं तुम्ही लिहिलंय, पण आरसीवरचा बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवला का ते लिहिलेलं नाही, आणि पुष्कळ लोकांचा तो तसाच राहिलेला असतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी काढा. मग दोन्हीकडची चलनं भरा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवली का तेही बघा, महाराष्ट्रात त्याशिवाय आरटीओची कामं अडतात, आणि हो, पुढे केए नंबराची पाटी पुन्हा घ्यावी लागेल, दोनदा खर्च, मलाही पटत नाही पण आहे ते असं आहे. त्यानंतर फॉर्म २८, म्हणजे नाशिक आरटीओची एनओसी, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून ठसा घ्यावा लागतो. एनओसी बंगळुरूच्या एका ठराविक आरटीओच्या नावाने निघते, त्यामुळे घर बदलायचा विचार असेल तर आधी घर बदला. आणि एकदा एनओसी निघाली की जुन्या ऑफिसच्या दप्तरी गाडी गेलेली दिसते, म्हणून ती घेऊन लोंबकळत ठेवू नका, बेत रद्द झाला तर एनओसी रद्द करायचा अर्ज असतो तो करा. तिकडे फॉर्म २९ आणि ३० नाव बदलायला, २७ नवीन नंबराला, भाडेकरार पत्त्यासाठी, गाडी दाखवायला न्यायची, टॅक्स भरायचा. नवीन नंबर आला की फास्टॅग आणि इन्शुरन्स दोन्हीकडे तो कळवा, हे हमखास विसरलं जातं आणि मग टोलवर वाद.

एजंट घ्यायचा तर घ्या, त्यात पाप नाही, पण सरकारी फी आणि टॅक्स तुम्ही स्वतः ऑनलाइन भरा आणि त्याला फक्त त्याच्या कामाचे पैसे द्या. एकरकमी आकड्यात टॅक्स किती आणि त्याची मजुरी किती हे कळत नाही, तेच त्याला हवं असतं. कोऱ्या फॉर्मवर बाबांच्या सह्या घेऊन त्याच्या हातात देऊ नका.

ज्यांच्या गाड्या स्वतःच्याच नावावर आहेत त्यांना यातलं निम्मं लागू नाही, तुम्हाला फक्त एनओसी, फॉर्म २७ आणि टॅक्स, पण तुमचा स्वतःचा पत्ता बदललाय म्हणून ३० दिवसांत तो आरटीओला कळवण्याचं वेगळं कलम आहे ते लक्षात ठेवा. आणि रेल्वेने बाइक नेणाऱ्या मुलांनो, दुचाकीला वेगळा नियम नाही, बारा महिने तुम्हालाही.

शेवटी बाबांच्या हौसेचं. त्यांना वाईट वाटेल असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय, त्यांना विचारलं असं एकदाही नाही. सह्या त्यांच्याच लागणार आहेत, त्यामुळे हे त्यांच्यापासून लपवून होणारच नाही. आणि सांगताना ‘तुमचा नंबर जातोय’ पासून सुरू करू नका, त्या १५ लाखांच्या कव्हरपासून सुरू करा, मुलगी रोज चालवते त्या गाडीत तिच्यासाठीच विमा नाही हे कळल्यावर कुठला बाप नंबर धरून बसेल असं मला वाटत नाही. बसलेच तर मग दुसरा पर्याय आहे, गाडी नाशिकला त्यांच्या दारात, त्यांच्या नंबरासकट.

फोन कराल तेव्हा त्यांना बँकेची ती एनओसी शोधायला सांगा. तिच्यावर मुदत लिहिलेली असते आणि २०२३ ची असेल तर ती संपलेली असणार, बँकेकडून नवीन मागवावी लागेल आणि त्यालाही वेळ जातो, तेव्हा हा फोन या आठवड्यातच करा.